दगडामागची शीळ

आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो, नाहीतर नेहमीसारखी ती राहूनच जाईल. कर्नाळ्याच्या ओढ्याकाठी आमच्या इमारतीतल्या काकांनी डोळे मिटून, हात वर करून जी शीळ ऐकली, ती पक्ष्याची नव्हती. ती माझ्या फोनमधून वाजत होती. फोन मी एका शेवाळलेल्या दगडामागे ठेवला होता, आणि मी स्वतः थोडा बाजूला, पक्षी शोधतोय असे दाखवत उभा होतो.

एवढीच गोष्ट आहे. कुणाचा जीव गेला नाही, कुणाचे घर बुडाले नाही. तरी ती माझ्या घशात अडकून आहे, आणि का अडकली ते नीट सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

मी तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात लॅबमध्ये होतो. आमचा विभाग बंद झाला तेव्हा स्वेच्छानिवृत्ती घेतली. लग्न केले नव्हते. आई होती तोवर घरी परतायला कारण होते, ती गेल्यावर मी फक्त घरी असायचो. बोलण्याची मला मुळातच सवय कमी. कारखान्यात ते खपून जायचे, कारण यंत्रांच्या आवाजात सगळेच कमी बोलतात. जुन्या पनवेलातल्या दोन खोल्यांत मात्र कळले की न बोलणे आणि बोलायला कुणी नसणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

त्या काळात मला फुकटची जंगले सापडली. म्हणजे फोनवर. आफ्रिकेतल्या एका राष्ट्रीय उद्यानात पाणवठ्यावर कॅमेरा बसवलेला आहे, तो दिवसरात्र चालू असतो आणि जगात कुणीही तो बघू शकतो. माझ्या जेवणाच्या वेळी तिकडे ऊन कलते. मी ताट घेऊन बसायचो आणि समोर हत्ती पाणी प्यायला यायचे. एखादे दिवशी कुणीच यायचे नाही. मग वाऱ्याने हलणारे गवत आणि रिकामे पाणी बघत मी वरणभात संपवायचो. हत्ती उशिरा आले तर मीही उशिरा जेवायला लागलो, तेव्हा माझे मलाच हसू आले आणि नंतर ते हसू आवडले नाही.

मग इतर गोष्टी सापडत गेल्या. आपल्याकडच्या राष्ट्रीय उद्यानांचे नकाशे, झाडांच्या माहितीपुस्तिका, प्राण्यांच्या पायांचे ठसे कसे ओळखायचे ते सांगणारी पत्रके. सगळे उतरवून घेता येते. एक अॅप असे की फोन हवेत धरला की जो पक्षी बोलतोय त्याचे नाव पडद्यावर येते. आणि एक संकेतस्थळ, जिथे जगभरचे लोक आपण ध्वनिमुद्रित केलेले पक्ष्यांचे आवाज ठेवतात. कुणी पहाटे चिखलात उभे राहून आवाज पकडतो आणि तो सगळ्यांना देऊन टाकतो. खाली एक ओळ असते. तिचा अर्थ एवढाच की वापरा, वाटा, फक्त आवाज कुणी टिपला ते सांगा. ही ओळ तेव्हा मी वाचली होती. वाचली नव्हती असे म्हणायची सोय मला नाही.

काकांची ओळख त्या अॅपमुळेच झाली. ते तळमजल्यावर राहायचे. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, जन्म पनवेलचाच, बँकेतून निवृत्त. बायको जाऊन बरीच वर्षे झालेली, मुलगी इस्रायलमध्ये. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू खाल्ली होती. उजेड आणि अंधार एवढेच उरले होते. एकदा मी जिन्याजवळ उभा राहून समोरच्या उंबराकडे फोन धरला होता. खिडकीतून आवाज आला, "तांबट आहे. फोनला काय विचारतोस, मला विचार."

फोननेही तांबटच सांगितले. मी तसे त्यांना सांगितल्यावर ते म्हणाले, पास झालो म्हणायचे. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी पक्षीवाला झालो. "काय रे पक्षीवाल्या, आज काय म्हणतेय जंगल?" असे विचारायचे, आणि मी त्यांच्या खिडकीशी उभा राहून पाणवठ्यावर काय घडले ते सांगायचो. जिराफ पाणी पिताना पुढचे पाय कसे फाकवतो ते सांगितले तेव्हा ते पोट धरून हसले. बँकेत त्यांचा एक मॅनेजर होता, तो सही करायला असाच वाकायचा म्हणे. दिवसभरात माझे जे काही बोलणे व्हायचे ते त्या खिडकीशी. मी वाट बघायला लागलो होतो, हे तेव्हा कबूल केले नसते.

रविवारी आम्ही कर्नाळ्याला जाऊ लागलो. शनिवारी त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस, तेव्हा ते वाहनात बसत नसत, त्यामुळे रविवार. पनवेलच्या स्टँडवरून एसटी पकडली की अभयारण्याच्या फाटकाशी उतरता येते. हे काही राष्ट्रीय उद्यान नाही. मी जे मोठाले नकाशे उतरवून घेतले होते त्यांवर कर्नाळा अंगठ्याखाली झाकला जाईल एवढाच. गोव्याचा रस्ता त्याच्या अंगावरून जातो, ट्रक ऐकू येत राहतात. पण आत ओढ्याकडे वळले की आवाज मागे पडतो. काका माझ्या कोपराला धरून चालायचे. मी दिसेल ते सांगायचो, ते ऐकू येईल ते सांगायचे. फाटकाजवळ काकड्या विकणारी बाई आम्हाला ओळखायला लागली होती. "दोगं मिलून एक मानूस व्हता तुमी," असे ती एकदा म्हणाली. काकांना ते इतके आवडले की परतताना बसमध्ये कंडक्टरला म्हणाले, एकच तिकीट दे.

ते कर्नाळ्याला का यायचे, ते मला जरा उशिरा कळले. लग्न नवे असताना ते बायकोला घेऊन तिथे गेले होते. ओढ्याशी पाय धुवायला ती वाकली आणि मागून कुणीतरी शीळ घातली. माणसासारखी, लांब, लहरत जाणारी. काकांना वाटले कुणी मवाली आहे. त्यांनी दगड उचलला आणि झाडीत शिरले. तिथे कुणी नव्हते, फक्त एक काळानिळा पक्षी दगडावर बसून पुन्हा तीच शीळ घालत होता. शीळकरी कस्तूर. बायको नंतर जन्मभर त्यांना चिडवत राहिली, की माझ्यासाठी तू आयुष्यात एकदाच कुणावर धावून गेलास आणि तोही निघाला पक्षी.

मुलीने आता त्यांना कायमचे तिकडे न्यायचे ठरवले होते. त्यांनीही हो म्हटले होते, कारण नाही म्हणायला डोळे उरले नव्हते. पण त्यांनी एक नवस बोलला होता. जायच्या आधी ती शीळ एकदा ऐकायला मिळाली तर मलिदा करीन. मलिदा म्हणजे त्यांच्यातला आभाराचा विधी. काही चांगले घडले, मनातले पुरे झाले, की पोहे, गूळ, खोबरे यांचे मोठे ताट भरतात, भोवती फळे मांडतात, प्रार्थना म्हणतात आणि मग सगळ्यांना वाटतात. आपल्याकडे सत्यनारायण घालतात तसेच काहीसे, असे काका मला समजावत, आणि लगेच म्हणत, पण आमच्यात गोष्ट ऐकावी लागत नाही, लवकर खायला मिळते.

शीळकरी कस्तूर पावसाळ्यात गातो. ओढे भरलेले असतात तेव्हा, पहाटेपासून. आम्ही जाऊ लागलो तेव्हा पाऊस सरत आला होता. एक रविवार गेला, दुसरा गेला. हळद्या बोलला, शामा बोलला, रस्त्यावरचे हॉर्न बोलले. तो नाही बोलला. दरम्यान मुलगी येऊन ठेपली, घरातले कपाट, भांडी कुणाकुणाला देऊन झाली. ती मला दादा म्हणायची. तिने एकदा वडिलांना सांगून पाहिले की पप्पा, तिकडेपण पक्षी आहेत, अगदी बाल्कनीत येतात. काका म्हणाले, "येत असतील. पण त्यांना मराठी कुठे येतं?"

शेवटच्या रविवारी आम्ही दोघेच गेलो. आदल्या दिवशी मी त्या संकेतस्थळावरून शिळेचा एक आवाज फोनमध्ये घेऊन ठेवला होता. लांब दक्षिणेत, कुर्गमधल्या एका ओढ्यावर कुणी टिपलेला. पक्षी बघणाऱ्यांत एक वाईट खोड आहे. पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवायचा. त्या हद्दीतल्या नराला वाटते कुणीतरी घुसला, आणि तो तावातावाने उत्तर द्यायला येतो. चांगले लोक हे करत नाहीत. त्याने पक्षी हकनाक दमतो, कधी घरटे सोडून धावतो. फाटकावरच्या फलकावर आत काही वाजवू नये असे लिहिलेलेही आहे. पण मी मनाशी म्हटले, एकदाच. एकदा वाजवायचे, खरा असला तर उत्तर देईल, आणि काका ऐकतील ते उत्तर. फसवायचे असे मी ठरवले नव्हते. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितले आहे की आता ते खरे होते की नाही तेही नीट आठवत नाही.

काकांना एका सपाट दगडावर बसवले. म्हटले, जरा पुढे जाऊन बघतो. वळणाआड दगडामागे फोन ठेवला, वाजवला आणि बाजूला सरकलो.

शीळ पाण्यावरून गेली. मला वाटले होते त्याहून खूप चांगली वाजली. मी उत्तराची वाट बघत झाडीकडे कान लावला. उत्तर आले नाही. आणि मी मागे वळून पाहिले, तर काकांनी हात वर केला होता, वर्गात मुलाला गप्प करावे तसा.

"थांब," ते म्हणाले. "बोलू नकोस."

मी बोलत नव्हतोच. मी फोनपासून चार पावलांवर होतो. जाऊन बंद करू शकलो असतो. मी तो पूर्ण वाजू दिला. काकांचे तोंड किंचित उघडे राहिले होते, आणि मिटल्या डोळ्यांनी ते आवाजाच्या नाही, थोडे खाली, पाण्याच्या दिशेने बघत होते. जिथे कुणीतरी पाय धुवायला वाकले असेल तिथे.

शीळ संपली. संपताना मागे एक बारीक खरखर ऐकू आली, ती ओढ्यात मिसळून गेली. मी फोन खिशात घातला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसलो. ते म्हणाले, "हा तो नाही रे."

मी खिशातल्या फोनवर हात दाबून धरला.

"त्या वेळचा मध्येच थांबायचा. पुढचं विसरल्यासारखा. मग पुन्हा पहिल्यापासून. हा सगळं पाठ करून आल्यासारखा म्हणतोय." मग ते हसले. "बरोबर आहे म्हणा. किती पिढ्या झाल्या असतील. नातू-पणतू असेल त्याचा. शिकलेला निघाला."

बोलायची वेळ तीच होती. दार त्यांनी स्वतःच उघडून धरले होते, मला फक्त आत पाऊल टाकायचे होते. काका, तो फोन होता. एवढे चार शब्द. मी म्हणालो, "असेल."

त्याच आठवड्यात मलिदा झाला. रिकाम्या झालेल्या घरात सतरंजी अंथरली होती. पेण-अलिबागकडून काही नातेवाईक आले होते. एवढीशी माणसे, खोली मावेल इतकीच, कारण बाकीचे केव्हाच इस्रायलला गेलेले. मलाही डोक्यावर रुमाल घालून बसायला सांगितले. ताटात पोह्यांचा ढीग, त्यात खोबरे, वेलदोडे, वर गुलाबाच्या पाकळ्या, भोवती केळी, सफरचंदे, खजूर. हिब्रूतली प्रार्थना मला कळत नव्हती, पण मध्ये काकांचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. नंतर त्यांनी सगळ्यांना सांगितले की आज मी नवस फेडतोय तो ह्याच्यामुळे, हा नसता तर मला ऐकायला मिळाले नसते. आणि पहिली मूठ अंदाजाने माझ्याकडे करून माझ्या हातात दिली.

मी खाल्ले. सगळे खाल्ले. गोड होते, आणि मला दुसऱ्यांदा घ्या म्हणाले तर मी तेही घेतले.

जिन्यात मुलगी भेटली. म्हणाली, दादा, तुमचे उपकार कसे फेडू. पप्पा आता शांतपणे येतील, नाहीतर मला भीती होती की विमानतळावरून परत फिरतील. तिचे डोळे भरून आले होते. एखाद्याने म्हणावे, मग यात वाईट काय झाले? म्हाताऱ्याला समाधान मिळाले. मीही बरेच दिवस स्वतःला हेच समजावत होतो. पण देवापुढे आभार मानायला बसलेल्या माणसाच्या हातून मी ते ताट घेतले होते, आणि ज्याबद्दल आभार ते घडलेलेच नव्हते, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होते. समाधान त्यांचे होते. हिशेब त्यांच्या देवाशी होता. मी मध्ये बसून त्यात खोटे नाणे टाकले.

ते गेल्यावर तळमजल्याला कुलूप लागले. मी कर्नाळ्याला जाणे सोडले. जेवताना पुन्हा पाणवठा लावू लागलो. जिराफ आला की सांगायला खिडकी नव्हती.

शुक्रवारी, त्यांचा शब्बाथ सुरू व्हायच्या आधी, काका फोन करतात. पहिल्या पावसाळ्यात विचारले, "आला का रे आपला शिकलेला?"

मी म्हटले, आला. मी ओढ्यावर पाऊलही टाकले नव्हते.

मग ते म्हणाले, नातवंडांना ऐकवायचाय, जरा टिपून पाठव ना, तुझ्या फोनला जमतं सगळं. मी तीच कुर्गची शीळ पाठवून दिली. टिपणाऱ्याचे नाव न सांगता, खालची ती ओळ न सांगता. पुढच्या शुक्रवारी काका खूप बोलले. नातीच्या लग्नाआधीचा मलिदा होता, तिथे त्यांनी फोन मध्ये ठेवून सगळ्यांना ती ऐकवली. तिथे आपल्याकडचेच लोक, पनवेलचे, रेवदंड्याचे, पेणचे. एक म्हातारी रडायला लागली म्हणे. म्हणाली, बाई गं, हा आपल्याकडचाच. आपल्याकडच्याशिवाय असा कोण गातो?

तेव्हाही मी खरे सांगितले नाही. एकटा माणूस इतका कशाला भित्रा, असे मी स्वतःला विचारतो. गमवायला त्याच्याकडे काय असते? उत्तर असे की एक शुक्रवार असतो.

यंदाच्या पावसाळ्यात मी गेलो. अंगात काय आले माहीत नाही, सकाळी उठलो आणि स्टँडवर जाऊन एसटीत बसलो. फाटकाजवळची बाई होती. माझ्या बाजूला कुणी नाही ते बघून तिने विचारले, "बाबा नाय आलं?" मी सांगितले, लांब गेले, मुलीकडे. ती म्हणाली, हाय ना पन? मी म्हटले, आहेत. तिने मोठी काकडी कापून मीठ लावून दिली.

ओढा दुथडी होता. त्या सपाट दगडावरून पाणी चालले होते, म्हणून वर एका मुळावर बसलो. फोन खिशात होता. अॅप उघडावे, आवाज टिपायला लावावे, असे हात म्हणत होता, पण मी काढला नाही. बराच वेळ नुसते पाणी. मग पलीकडच्या झाडीतून ती शीळ सुरू झाली. लांब, लहरत, माणसासारखी. चढत गेली आणि मध्येच थांबली.

पुढचे विसरल्यासारखी.

मग पुन्हा पहिल्यापासून.

मी तसाच बसून राहिलो. पाठीवर पावसाचे थेंब पडत होते. तो पुन्हा अडला, पुन्हा लागला. पाठ वगैरे काही झालेले नव्हते त्याचे. काकांना हवा होता तो सूर तिथेच होता, आमच्याच ओढ्यावर. थोडा धीर धरून, पावसात, एखादे वर्ष थांबलो असतो तर त्यांना तो खरोखर मिळाला असता, किंवा मिळाला नसता. नसता मिळाला तर ते नवस न फेडता गेले असते, आणि तेही त्यांचेच असते. मी त्यांच्याकडून दोन्ही काढून घेतले. माझ्या शेजारी हात वर करून बोलू नकोस म्हणणारे कुणी नव्हते, आणि मी इतका गप्प होतो की त्याची गरजही नव्हती.

परत आल्यावर हे लिहायला घेतले. लिहिणे मला सोपे गेले, आणि का गेले तेही सांगून टाकतो. काकांना वाचता येत नाही. मुलीला मराठी बोलता येते, वाचायला तिला कंटाळा येतो. म्हणजे ही कबुलीसुद्धा मी वळणाआडच्या दगडामागेच ठेवली आहे.

शुक्रवार परवा आहे. काका विचारतील, आला का रे? आला होता, हे या वेळी खरे आहे. पण त्याच्या आधी सांगायचे ते दुसरे आहे. त्यांनी ऐकलेली शीळ फोनची होती, ती कुर्गच्या ओढ्यावर एका अनोळखी माणसाने टिपली होती, आणि त्या माणसाचे नाव काय ते. त्यांचा नवस अजून फिटलेला नाही, तो माझ्यामुळे फिटलेला नाही. हे मी काकांना माझ्या तोंडाने सांगायचे आहे. ते देणे अजून तसेच आहे.